प्राणिसंग्रहालयातला सव्हाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिराफ, झेब्रे, गेंडे एकाच माळावर चरताहेत आणि पलीकडच्या खडकावर सिंह आडवा पडलाय, असं दृश्य आता जगभरच्या मोठ्या प्राणिसंग्रहालयांत बघायला मिळतं. परदेशी सहलीहून आलेली मंडळी फोनवर त्याचे व्हिडिओ दाखवतात आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. विषयच तसा आहे.

सव्हाना म्हणजे विरळ जंगलच ना?

नाही. जंगलात झाडांचे शेंडे एकमेकांना भिडून वर छत होतं आणि खाली गवताला ऊन मिळत नाही. सव्हानात गवत सलग असतं आणि झाडं सुटी सुटी. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडं, अधूनमधून वणवा आणि सतत चरणारी जनावरं, या सगळ्यांनी मिळून झाडोऱ्याला आवर घातलेला असतो. टांझानियातलं सेरेंगेटी हे त्याचं जगप्रसिद्ध रूप. पण सोलापूर, बारामती, कर्जतकडचा आपला माळ हाही सव्हानाच आहे. कुसळी, पवन्या, मारवेल असं गवत, मधूनच हिवर, बाभूळ, बोर, आणि त्यात काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड.

सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणायची सवय असल्याने हा माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा, असा समज पक्का झाला होता. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या आणि कथांमधले वनस्पतींचे उल्लेख चाळून २०२५ मध्ये दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ किमान साडेसातशे वर्षं असाच आहे. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

प्राणिसंग्रहालयात असा देखावा उभा करायची कल्पना कुणाची?

कार्ल हागेनबेक या जर्मन माणसाची. तो जंगली जनावरांचा व्यापारी होता आणि सर्कसवालाही. १८९६ मध्ये त्याने गज नसलेल्या देखाव्याचं पेटंट घेतलं आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगन इथे आपलं प्राणिउद्यान उघडलं. तिथला आफ्रिकेचा देखावा नाटकाच्या रंगमंचासारखा थरांत रचलेला होता. सगळ्यांत पुढे पाणपक्ष्यांचं तळं, त्यामागे चरणारी जनावरं आणि शहामृग, त्यामागे सिंहांची घळ आणि सगळ्यांत मागे खडकांचा डोंगर, त्यावर डोंगरी शेळ्या-मेंढ्या. प्रत्येक थरामध्ये एक खंदक, आणि तो खंदक पुढच्या थराच्या उंचवट्याआड असा लपवलेला, की बघणाऱ्याला सगळं एकच रान वाटावं. खडकसुद्धा खरे नव्हते. उर्स एग्गेनश्विलर या स्विस शिल्पकाराने ते घडवले होते. कोणतं जनावर किती लांब आणि किती उंच उडी मारतं हे हागेनबेकला सर्कशीमुळे नेमकं ठाऊक होतं आणि खंदकांची मापं त्याने त्यावरूनच काढली.

याच हागेनबेकने दूरदेशीच्या माणसांनाही आणून, त्यांच्या झोपड्यांसकट लोकांपुढे मांडलं होतं. या कलेचं मूळ तमाशात आहे हे विसरू नये. पुढे येणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्याने होतो.

सिंह आणि झेब्रा खरंच एकाच आवारात असतात का?

नसतात. मध्ये खंदक असतो आणि तो तुम्हाला दिसत नाही, एवढंच. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या बागांत ही युक्ती फार आधीपासून होती. घरातून पाहिलं की हिरवळ थेट कुरणापर्यंत सलग दिसायची, पण गुरं मात्र घराशी येऊ शकत नसत. खंदकाची एक बाजू उभी भिंत आणि दुसरी बाजू उतरती. भिंत प्रेक्षकांकडे, उतार जनावराकडे; म्हणजे जनावर आत उतरलंच तर चढून आपल्याच घरी परत जातं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाने १९४१ मध्ये आपलं आफ्रिकी पठार उघडलं ते याच तत्त्वावर.

आता बऱ्याच ठिकाणी पायवाटही अशा वळणांनी नेतात, की समोरच्या बाजूचे प्रेक्षक तुमच्या नजरेला पडू नयेत. समोरून लाल टोपीवाला काका हात हलवताना दिसला, की आफ्रिका तिथेच संपते.

खंदक किती मोठा लागतो? त्यात धोका नाही का?

आत कोण आहे त्यावर. जिराफ भला उंच असला तरी उडीबाज नाही आणि वेड्यावाकड्या दगडांवर पाय टाकायला तो कचरतो. त्यामुळे कुंपणाआधी मोठ्या गोट्यांचा पट्टा पसरला तरी तो सहसा पुढे येत नाही. उलट इम्पाला हरीण तीन मीटर उंच आणि दहा मीटर लांब सहज झेपावतं. मिश्र आवारात कुंपणाचं माप त्यातल्या सगळ्यांत उडीबाज जनावरावरून ठरतं.

मोठ्या मांजरांच्या बाबतीत चूक महागात पडते. २५ डिसेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एक वाघीण खंदकाची भिंत चढून बाहेर आली आणि तिने एका तरुणाचा जीव घेतला. नंतर मोजलं तेव्हा भिंत सुमारे साडेबारा फूट निघाली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस सुमारे साडेसोळा फुटांची होती. ती भिंत कित्येक वर्षं तशीच उभी होती आणि तोवर काही झालं नव्हतं, म्हणून कुणी फूटपट्टी लावली नाही.

धोका उलट्या दिशेनेही असतो. दिल्लीत २०१४ मध्ये एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात गेला आणि दगावला. सिनसिनाटीत २०१६ मध्ये तीन वर्षांचं मूल गोरिलाच्या खंदकात पडलं आणि हरांबे नावाच्या त्या गोरिलाला गोळी घालावी लागली. लपवलेल्या कुंपणाची ही किंमत आहे. कुंपण दिसत नसलं की माणसाला ते नाहीच असं वाटू लागतं. हत्तींसाठी कोरडा खंदक तर वाईटच. आत पडलेल्या हत्तीला उठवणं किती कठीण असतं याची कल्पना करा. त्याऐवजी जाड पोलादी दोरखंड आणि खांब बरे, दिसायला ओबडधोबड असले तरी.

मग सरळ जाळी का नाही लावत?

लावतात. काळा रंग दिलेली बारीक पोलादी जाळी चार पावलांवरून जवळजवळ दिसेनाशी होते. झाडांभोवती आणि कुंपणाच्या आत विजेची तार असते, शेतात रानडुकरांसाठी लावतात त्या झटका मशीनचीच जातभाई. चित्ता किंवा सिंह अगदी हातभर अंतरावर दाखवायचा तर काच.

‘इमर्शन’ हा शब्द सारखा ऐकू येतो, तो काय प्रकार आहे?

सिएटलच्या वुडलंड पार्क प्राणिसंग्रहालयाचा आराखडा १९७० च्या दशकात नव्याने होत होता. डेव्हिड हॅनकॉक्स, ग्रँट जोन्स, जॉन को ही त्यातली मुख्य माणसं. तोवर प्रेक्षक बागेत उभा आणि जनावर देखाव्यात, अशी विभागणी असे. यांनी म्हटलं, प्रेक्षकालाही त्याच देखाव्यात घाला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तीच झाडी, तोच खडक, तीच माती. जनावर शक्यतो माणसाच्या नजरेच्या पातळीवर किंवा वर. खड्ड्यातल्या अस्वलाकडे वाकून बघणाऱ्याच्या मनात आदर यायचा नाही, हा त्यामागचा हिशोब. त्यांचा आफ्रिकी सव्हाना १९८० मध्ये उघडला आणि पुढच्या चाळीस वर्षांत जगभर त्याच्या बऱ्यावाईट नकला झाल्या.

या शैलीची कमाल पाहायची तर फ्लोरिडातलं डिस्नेचं ॲनिमल किंगडम, १९९८ चं. तिथला सफारीचा माळ सुमारे ११० एकरांचा आहे. आफ्रिकेतल्या छत्रीसारख्या बाभळी फ्लोरिडात नीट जगत नाहीत, म्हणून तिथल्या स्थानिक ओक झाडांची डोकी छाटून त्यांना बाभळीचा आकार दिला. गोरखचिंचेचे अजस्र बुंधे सिमेंटचे. खाणं ठेवायच्या जागा अशा योजलेल्या, की गाडी येईल तेव्हा जनावर दिसेल असं उभं राहावं.

मला ही कारागिरी आवडते, खोटं कशाला बोलू. पण तिचा गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही आहोत. सिमेंटचा खडक जिराफाच्या काही कामाचा नाही. कधी कधी असं होतं, की देखाव्यावर सगळा पैसा संपतो आणि मागची शेड पत्र्याचीच राहते. पेपरात फोटो देखाव्याचा येतो.

रात्री ही जनावरं कुठे जातात?

मागे. खरं प्राणिसंग्रहालय तिथेच असतं.

थंड देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने जिराफ दिवसाचा बराच वेळ घरातच काढतात. आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी संध्याकाळी जनावरं आत घेऊन सकाळी सोडतात. म्हणजे चोवीस तासांतले बारा-चौदा तास ती तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या जागेत असतात. उंबरठ्याबाहेर कितीही एकर असले, तरी आत काँक्रीटची कोठडी असेल तर जनावराचं निम्मं आयुष्य कोठडीतच गेलं.

चांगल्या मागच्या घरात काय असतं? जिराफासाठी सहा मीटरच्या वर छत आणि तेवढंच उंच दार. गेंड्या-हत्तींसाठी वाळूचा जाड थर. सिमेंटवर उभं राहून राहून हत्तीचे तळवे आणि सांधे खराब होतात आणि पायाचं दुखणं हा बंदिस्त हत्तींचा जुना शत्रू आहे. एका खोलीतून दुसरीत जायला दोन वाटा, म्हणजे दांडगट नराने दार अडवलं तर मादीला दुसरीकडून निसटता यावं. कीपर बाहेर उभं राहून चालवू शकेल अशी सरकती दारं. आजारी, विणारी आणि नवी आलेली जनावरं वेगळी ठेवायला जागा. आणि उपचारासाठी एक अरुंद गल्ली, जिच्यात जनावर स्वतःहून येऊन उभं राहील.

ही गल्ली जिराफासाठी फार मोलाची. एवढ्या लांब मानेच्या आणि एवढ्या रक्तदाबाच्या जनावराला भूल देणं मोठं जोखमीचं. पडतानाच मान मुरगळू शकते. म्हणून खाऊ देत देत त्याला शिकवतात: इथे ये, पाय या ठोकळ्यावर ठेव. मग खुरं तासणं आणि एक्स-रे काढणं बिनभुलीचं होतं. अशी गल्ली नकाशातच नसेल तर नंतर कुठून आणणार?

जिराफ भिंत आणि कुंपण का चाटत बसतो?

मुलांना गंमत वाटते, पण हे लक्षण चांगलं नाही. रानातला जिराफ दिवसाचा मोठा भाग पाला ओरबाडण्यात घालवतो. जवळजवळ दीड फुटाची जीभ काट्यांमधून फिरवून एकेक पान सोडवायचं, हे त्याचं कामच आहे. त्याऐवजी गव्हाणीत पेंड आणि वाळका चारा टाकला, की पोट अर्ध्या तासात भरतं आणि जीभ रिकामी राहते. मग ती लोखंड चाटते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत सुमारे ८० टक्के जिराफ आणि ओकापी (जिराफाचा आखूड मानेचा भाऊबंद) असं काहीतरी निरर्थक तेच ते करताना आढळले होते.

यावरचे उपाय देखाव्यापेक्षा चाऱ्याचे आहेत. पाला उंच टांगा, जाळीत भरा, भोकांच्या पिंपात घाला, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाने २०२० मध्ये सुमारे साडेपाच हेक्टरांचा लेवा सव्हाना उघडला, तेव्हा तिथल्या कृत्रिम गोरखचिंचांचा उपयोग खाणं देण्यासाठीही करून घेतला. सिमेंटच्या झाडाला असं पोटापाण्याचं काम दिलं, तर माझी त्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे तर बाभूळ आणि सुबाभूळ बांधाबांधावर मिळते. पाला पुरवण्याचा ठेका हा सव्हानाच्या आराखड्याचा भाग मानला पाहिजे, झाडं लावण्याइतकाच.

सगळी शाकाहारी जनावरं एकत्र सोडली तर गुण्यागोविंदाने राहतात का?

नेहमी नाही. झेब्र्याचा नर दिसायला गोजिरवाणा पण स्वभावाने खत्रूड. हरणांची नवजात पिल्लं तो ठार मारू शकतो. विणीच्या हंगामातला शहामृग नर माणसालाही लाथ घालायला कमी करत नाही. त्यामुळे आवारात अशा फटी ठेवतात, ज्यांतून हरीण जाईल पण झेब्रा किंवा गेंडा जाणार नाही. खाणं एका जागी न देता सात-आठ ठिकाणी देतात. टेकाड, ओंडके, झुडपं अशी ठेवतात की पाठलाग झालेल्याला नजरेआड होता यावं. आणि ओळख हळूहळू करून देतात: आधी कुंपणाआडून, मग थोडा वेळ, मग दिवसभर.

न दिसणारं एक भांडण रोगांचं आहे. विल्डबीस्ट या आफ्रिकन कळपी जनावराच्या अंगात एक विषाणू असतो, ज्याचा त्याला स्वतःला त्रास होत नाही, पण गायीगुरांना त्यापासून होणारा ताप बहुधा जीव घेतो. गवे किंवा गुरं जवळ असतील तिथे विल्डबीस्टचा कळप ठेवण्याआधी दहादा विचार केलेला बरा. नकाशावर सुंदर दिसणारं शेजारपण पशुवैद्याच्या टेबलावर नापास होतं, ते असं.

भरपूर जागा दिली की प्रश्न सुटला, असंच ना?

जागा लागतेच, पण नुसत्या जागेने भागत नाही. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर याने १९४० च्या दशकातच सांगितलं होतं की जनावराला एकरांपेक्षा त्या एकरांत काय आहे याचं महत्त्व अधिक: लपायला जागा, खाज घासायला खोड, चिखलाचा डबरा, टेहळणीचं टेकाड आणि माणसापासून हवं तेवढं अंतर.

पांढऱ्या गेंड्याची गोष्ट यात बोलकी आहे. सॅन डिएगोच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात १९६० च्या दशकात एक नर आणि एक मादी आणली होती. वर्षं गेली, पिल्लू नाही. नराचं नाव मांधला. १९७२ मध्ये शहराबाहेर १,८०० एकरांवर त्यांचं नवं उद्यान लोकांसाठी खुलं झालं. तिथे दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या वीसएक गेंड्यांच्या कळपात मांधलाला सोडलं आणि हा ‘वांझोटा’ नर पुढे डझनावारी पिल्लांचा बाप झाला. त्याला जागेइतकीच सोबत हवी होती, आणि पसंतीला वाव.

चित्त्याचं उलट. मादीला एकटं राहायचं असतं, नर भाऊभाऊ मिळून फिरतात. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या नराकडे मादी ढुंकूनही बघत नाही. अकबराकडे हजारापर्यंत चित्ते होते असं जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, आणि त्यांची वीण व्हावी म्हणून खटपट करूनही ती होत नव्हती. पुढे जहांगीरच्याच काळात एक नर गळ्यातला पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तीन पिल्लं झाली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याची पिल्लं झाल्याची नोंद थेट १९५६ ची, फिलाडेल्फियाची. आताच्या चित्ता केंद्रांत नर-माद्यांची आवारं वेगळी असतात, ती हाच धडा शिकून.

काही जनावरांपुढे मात्र आराखडा हात टेकतो. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ मध्ये दाखवलं की रानात ज्या मांसाहारी प्राण्याचा वावर जितका लांबलचक, तितका तो बंदिवासात जास्त येरझाऱ्या घालतो आणि त्याची पिल्लंही जास्त दगावतात. क्लब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ चा हत्तींवरचा अभ्यास आणखी अस्वस्थ करणारा आहे: युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचं मध्यम आयुर्मान १६.९ वर्षं, आणि केनियातल्या अंबोसेलीत नैसर्गिक मरण आलेल्या हत्तिणींचं ५६ वर्षं.

सिंह कायम झोपलेलाच का असतो?

तो सिंह आहे म्हणून. रानातही दिवसाचे वीसएक तास तो लोळतच असतो. म्हणून हुशार आराखड्यात त्याची लोळायची जागाच काचेजवळ ठेवतात. थंडीत खडकाखाली गरम तारा, उन्हाळ्यात तिथेच गारवा आणि सावली.

फोटोत हिरवं गवत होतं, प्रत्यक्षात नुसती माती. फसवलं का?

उद्घाटनाच्या वेळी गवत असतं. पहिल्या पावसाळ्यानंतर बघा. जनावरांची संख्या आणि क्षेत्रफळ यांचा मेळ नसेल तर झेब्रे वर्षभरात माळ उजाड करून टाकतात. सेरेंगेटीत कळप पुढे सरकतात आणि मागचं गवत पुन्हा उठतं. इथे कळप कुठे जाणार? आवाराचे दोन-तीन तुकडे करून आळीपाळीने विश्रांती देणं हाच त्यावर खरा उपाय, आणि तोच सगळ्यांत आधी काटला जातो, कारण रिकामं आवार बघायला कुणी तिकीट काढत नाही.

आपल्याकडे मातीचा वेगळा पेच आहे. काळी माती उन्हाळ्यात पाय अडकेल एवढी भेगाळते आणि श्रावणात तिचा चिकट गारा होतो. अशा गाऱ्यात महिनोन् महिने उभं राहिलेल्या जनावराची खुरं कुजतात. कुठल्याही गोठेवाल्याला विचारा. म्हणून गव्हाणीभोवती, दाराशी आणि पाणवठ्यावर मुरूम-खडीचा भराव आणि निचऱ्याचे चर लागतात. परदेशी नकाशा जशाच्या तसा आणला तर तो पहिल्या जुलैत वाहून जातो. शिवाय उघड्या माळावर सगळ्यांत उंच वस्तू जिराफच असतो. फ्लोरिडातल्या एका सफारी पार्कात २०१९ मध्ये दोन जिराफ वीज पडून मेले. आडोशाच्या शेडवर वीजरोधक हवाच.

पिल्लं जास्त झाली तर?

हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाचा दीड वर्षाचा धडधाकट जिराफ मारला, लोकांसमोर कापला आणि सिंहांना घातला. त्याचं रक्ताचं नातं युरोपातल्या इतर जिराफांत आधीच भरपूर होतं, हे त्यांचं कारण. बातमी जगभर गाजली. पण कळपात निम्मे नर जन्मणार आणि एका कळपाला प्रजननासाठी एकच नर पुरतो, हे गणित सगळ्यांनाच माहीत असतं. नुसत्या नरांचं वेगळं आवार पहिल्या नकाशात आहे का, हे पाहिलं की कळतं कुणी पुढचा विचार केलाय.

याने प्राणी वाचतात का?

काही वाचले आहेत. तलवारीसारख्या वाकड्या शिंगांचा ओरिक्स २००० साली रानातून नामशेष जाहीर झाला होता. बंदिवासातल्या कळपांतून वाढवलेले प्राणी २०१६ पासून चाडमध्ये सोडले आणि २०२३ मध्ये त्याचा दर्जा ‘रानातून नामशेष’वरून ‘धोक्यात’ असा सुधारला. पण सव्हानातली बहुतेक प्रदर्शनी जनावरं कुठेही सोडली जाणार नाहीत. ती राजदूत आहेत म्हणतात. ठीक आहे, मग राजदूतासारखी त्यांची बडदास्तही ठेवा.

भारतात हे सगळं आहे का?

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाचा आराखडा करायला १९५० च्या दशकात हागेनबेक घराण्यातल्याच कार्ल-हाइन्रिख हागेनबेकला बोलावलं होतं. ते १९५९ मध्ये उघडलं, त्यामुळे तिथले खंदक थेट हॅम्बुर्गच्या कुळातले. म्हैसूर आणि कोलकात्यात जिराफांची वीण चांगली झाली आहे. नागपूरच्या गोरेवाड्यात भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली आणि आफ्रिकन सफारीचा टप्पाही आराखड्यात आहे. देखरेख केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची, १९९२ पासून.

आफ्रिकन जनावरं आणण्याआधी शंकरची हकीकत वाचावी. झिम्बाब्वेकडून राष्ट्रपतींना भेट म्हणून १९९८ मध्ये दोन आफ्रिकन हत्ती दिल्लीला आले. जोडीची हत्तीण काही वर्षांत गेली आणि शंकर एकटा राहिला, २०२५ च्या सप्टेंबरात मरेपर्यंत. त्याचं वय तीसही पुरं नव्हतं. त्याच्या हालांमुळे २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं होतं. कळपात राहणारं जनावर जोडीने भेट देणं ही मुत्सद्देगिरी झाली. एक गेलं की उरलेल्याचं काय, याचं उत्तर कुठल्याच फाइलीत नव्हतं.

महाराष्ट्रात आफ्रिकन सव्हाना उभारावा का?

माझं मत विचाराल तर आधी आपला उभारावा. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांचं मोठं आवार, लपलेल्या खंदकापलीकडे लांडगे, बाजूला तरस आणि खोकड. ऊन-पाऊस यांच्या अंगवळणी पडलेला, चारा बांधावरचा, गवताचं बी इथलंच. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकासाठी अभयारण्य आहे, रेहेकुरीला १९८० पासून काळविटांसाठी, सुप्याला १९९७ पासून चिंकाऱ्यांसाठी; तरी पुण्या-मुंबईच्या शाळकरी पोरांना झेब्रा ओळखता येतो आणि चिंकारा येत नाही. माळावर सौर पॅनेल किंवा झाडं लावायची घोषणा झाली की टाळ्या पडतात, त्याचं एक कारण हेही आहे, की माळ म्हणजे ओसाड हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. लांडग्याचा कळप चांदण्यात माळावर उभा असलेला ज्याने पाहिला तो असं म्हणणार नाही.

जिराफ बघायला गर्दी जास्त होईल, हे मान्य. लांडग्याला तिकीट लावून बघा तर खरं.

एखादा सव्हाना चांगला आहे की नाही हे साध्या प्रेक्षकाने कसं ओळखावं?

खडक आणि कमानीकडे बघू नका. खाली बघा: जनावर उभं राहतं तिथली जमीन कोरडी आहे का? सावली दुपारी कुठे पडते, आणि ती सगळ्यांना पुरते का, की एकच दांडगोबा तिथे बसलाय? एकाच रेषेवर येरझाऱ्यांची पायवाट पडली आहे का? दहा मिनिटांत जनावराने स्वतःहून काही केलं का: घासलं, हुंगलं, उकरलं, दुसऱ्याला हुसकावलं? त्याला तुमच्याकडे पाठ करून लांब जाता येतं का? आणि कीपर दिसला तर त्याला विचारा, मागे किती खोल्या आहेत. चांगल्या ठिकाणचा कीपर हे सांगताना थांबत नाही.

जायची योग्य वेळ कुठली?

सकाळी दार उघडताच, किंवा बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास. दुपारी सगळे पेंगतात. संध्याकाळी गर्दी ओसरली की जनावरं मागच्या दाराकडे सरकू लागतात, जिराफ सगळ्यांत आधी. आतून बादल्यांचा आवाज आला की त्यांचे कान वळतात. ती दारात कशी उभी राहतात ते बघा: आत जायला उतावीळ, की ढकलल्याशिवाय न हलणारी. मागच्या बाजूला काय आहे हे तिथूनच कळतं.